सगळे एकाच छताखाली, पण सांधे कोण तपासणार?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत सॉफ्टवेअर टीमसाठीच्या 'ऑल-इन-वन' डेव्हऑप्स प्लॅटफॉर्मवर लेख आला होता. कोड साठवण्यापासून तो ग्राहकापर्यंत पोचवण्यापर्यंतची सगळी कामे एकाच ठिकाणी करून देणाऱ्या उत्पादनांचा त्यात एक मोठा तक्ता होता. ज्याच्या रांगेत बरोबरच्या खुणा जास्त ते उत्पादन सरस, असा एकूण सूर. मी बिल्ड आणि रिलीजचे काम करते. लोकांनी लिहिलेला कोड एकत्र करायचा, चाचण्या चालवायच्या, प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर, न्यायचा, आणि तिथे काही बिनसले की पहिला फोन मला येतो. असे प्लॅटफॉर्म निवडण्याच्या बैठकांना मी असते, पण विकत घेणारी म्हणून नव्हे. नंतर सांभाळणारी म्हणून. त्या खुर्चीवरून हा तक्ता वेगळा दिसतो. पत्र लांबले आहे, कात्री चालवायची पूर्ण मुभा आपल्याला आहे.

तक्त्यातल्या खुणा खोट्या नाहीत. पण आज यातल्या जवळजवळ प्रत्येक उत्पादनाकडे जवळजवळ प्रत्येक खूण आहे. कोड रिव्ह्यू? आहे. पाइपलाइन, म्हणजे बिल्डपासून प्रॉडक्शनपर्यंतची कामे एकामागून एक आपोआप चालवणारी साखळी? आहे. सिक्युरिटी स्कॅन, कंटेनर रजिस्ट्री (प्रोग्रॅमच्या तयार गठ्ठ्यांचे, म्हणजे इमेजचे कोठार), कामांचा बोर्ड, विकी? सगळे आहे. ज्या प्रश्नाला सगळेच 'हो' म्हणतात, त्या प्रश्नाने निवड होत नाही.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. पूर्वी कोड लिहिणारे एका बाजूला आणि सर्व्हर सांभाळणारे दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी होती आणि मधल्या भिंतीवरून एकमेकांवर खापर फोडण्याचा खेळ चालायचा. २००९ मध्ये फ्लिकरच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी एका परिषदेत, आपण दिवसाला दहाहून अधिक वेळा नवा कोड प्रॉडक्शनवर नेतो, हे सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक डेबोआ यांनी बेल्जियममधल्या गेंट शहरात पहिली 'डेव्हऑप्सडेज' परिषद भरवली. लिहिणारे आणि सांभाळणारे यांनी मिळून काम करायचे, हा डेव्हऑप्सचा विचार. विचार एक झाला, पण अवजारे वेगवेगळीच राहिली. कामांच्या नोंदींना २००२ साली आलेले जिरा, कोडच्या आवृत्त्या सांभाळायला लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेले गिट, बिल्ड आपोआप चालवायला २०११ मध्ये हडसन या प्रकल्पातून वेगळे झालेले जेनकिन्स. यांना एकमेकांशी बोलते ठेवायला मधे आमच्यासारख्यांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट. मग सप्टेंबर २०१५ मध्ये गिटलॅब या प्लॅटफॉर्मने आपल्या ८.० आवृत्तीत बिल्ड-चाचणीची यंत्रणा मुख्य उत्पादनातच घेतली. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या जुन्या टीम सर्व्हिसेसना अझुर डेव्हऑप्स हे नाव देऊन बोर्ड, रेपो (कोडची साठवण), पाइपलाइन, टेस्ट प्लॅन आणि आर्टिफॅक्ट (बिल्डमधून निघालेल्या फाइल) असे पाच भाग मांडले. कोड साठवणाऱ्या गिटहबची पाइपलाइन यंत्रणा, गिटहब अॅक्शन्स, नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तेव्हापासून प्रत्येक जण दुसऱ्याच्या अंगणात शिरतो आहे.

या एकत्र येण्याचा खरा फायदा आपल्या लेखात अर्ध्या ओळीत उरकला आहे. म्हणून तो आधी सांगते, कारण मी या प्लॅटफॉर्मच्या विरोधात नाही. प्रॉडक्शनवर काहीतरी मोडले आहे असे धरा. प्रश्न साधा असतो: हा बदल कोणी आणला, कोणत्या बिल्डमधून आला, त्याच्या चाचण्या चालल्या होत्या का, आणि त्याला मंजुरी कोणी दिली? अवजारे सुटी असली की या एका प्रश्नासाठी चार टॅब उघडावे लागतात. जेनकिन्सवर बिल्डचा नंबर बघायचा, त्यावरून कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद, शोधायचे, कमिटच्या मेसेजमध्ये कामाचा नंबर लिहिला असेल अशी आशा करायची, तो नसला की लेखकाला शोधायचे, आणि तो नेमका रजेवर. एकत्र प्लॅटफॉर्मवर मर्ज रिक्वेस्टचे, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीचे, एक पान उघडले की कमिट, चाचण्यांचे निकाल, रिव्ह्यूमधली वादावादी, मंजुरी आणि तो बदल कोणत्या सर्व्हरवर कधी गेला, हे सगळे एकाखाली एक दिसते.

दुसरा फायदा याहून मोठा आहे, पण त्याची जाहिरात कोणी करत नाही. टीममधून माणूस गेला की त्याचा प्रवेश एका ठिकाणी बंद करता येतो. सुट्या अवजारांच्या दुनियेत सोडून गेलेल्या माणसाचे टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली, कुठल्या तरी कोपऱ्यात चालूच असते, आणि त्याच टोकनवर रात्रीचा एखादा जॉब, म्हणजे आपोआप होणारे काम, चालत असतो, म्हणून ते बंद करायला कोणी धजावत नाही.

पाणी नळातून गळत नाही, सांध्यातून गळते. आमच्या धंद्यातही बिघाड अवजारात कमी आणि दोन अवजारांच्या मधे जास्त. 'ऑल-इन-वन' म्हणून विकणारा मुळात एकच वचन विकतो: सांधे नाहीसे झाले. मग तपासायचे ते सांधेच. ते खरोखर गेले, की वरून रंग दिला?

हे ओळखणे फार अवघड नाही. बऱ्याच कंपन्या दुसऱ्याचे उत्पादन विकत घेऊन स्वतःच्या मेन्यूत आणून बसवतात. बाहेरून एकच दिसते, पण आत गेल्यावर परवानग्या वेगळ्या, सर्च वेगळा, आणि कधी कधी वापरणाऱ्यांची यादीसुद्धा वेगळी. डेमोमध्ये मी एकच गोष्ट करायला सांगते. नापास झालेली एक चाचणी उघडा, तिथून ज्या कामासाठी हा कोड लिहिला त्या कामापर्यंत जा, आणि या प्रोजेक्टचा कोड पाहण्याची परवानगी नसलेल्या माणसाला यातले काय काय दिसते ते दाखवा. अशाच एका डेमोत हे ऐकल्यावर सादर करणाऱ्याने आमच्याकडे पाहिले, मग स्क्रीनकडे पाहिले, आणि हे पुढच्या सत्रात घेऊ म्हणाला. पुढचे सत्र झाले, त्यात डॅशबोर्डचे रंग दाखवले.

डेमोचा प्रोजेक्ट तर बघूच नये. त्यात तीन फाइल असतात, दोन चाचण्या असतात, आणि पाइपलाइन डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हिरवी होते. ट्रायलला आपल्याकडचा सर्वांत ओंगळ प्रोजेक्ट घ्यावा. प्रत्येक टीमकडे एक असतोच: वर्षानुवर्षे फुगलेला रेपो, कोणीतरी कधीकाळी त्यात टाकलेल्या बायनरी फाइल, मूडप्रमाणे पास-नापास होणाऱ्या चाचण्या, आणि विंडोजवरच होणारा एखादा बिल्ड. तो चालवल्यावर जे कळते ते कुठल्याही तक्त्यात नसते. क्लोनलाच, म्हणजे रेपोची प्रत उतरवायलाच, किती वेळ जातो? कॅशे (आधी उतरवलेल्या गोष्टींचा साठा) खरोखर वापरला जातो का, की दर वेळी सगळ्या लायब्रऱ्या नव्याने उतरवल्या जातात? आणि सर्वांत महत्त्वाचे, जॉब सुरू होण्याआधी रांगेत किती थांबतो? डेमोत रांग नसतेच, कारण तिथे जॉब एकच असतो. खऱ्या टीममध्ये दुपारी सगळे एकदम पुश करतात, म्हणजे आपला कोड वर चढवतात. चाचण्यांचा वेळ निम्म्यावर आणला आणि रांग दुप्पट झाली, तर कोड लिहिणाऱ्याला काय फरक पडला?

मिनिटांचा हिशोबही इथेच लागतो. क्लाउडवरच्या रनरची, म्हणजे जॉब चालवणाऱ्या मशीनची, मिनिटे मोजून मिळतात आणि सगळी मिनिटे सारखी नसतात. गिटहबच्या हिशोबात लिनक्सचे एक मिनिट हे एक धरले, तर विंडोजचे दोन आणि मॅकओएसचे दहा अनेक वर्षे मोजले जात. आयफोनचे अॅप बनवणाऱ्या टीमने हा गुणाकार आधी करावा, वैशिष्ट्ये नंतर वाचावीत. बाहेरच्या गोष्टींवर आपण किती विसंबून आहोत, तेही ट्रायलमध्येच उघडे पडते. अशा इमेजचे सार्वजनिक कोठार असलेल्या डॉकर हबने नोव्हेंबर २०२० मध्ये लॉगिन न करता इमेज उतरवण्यावर सहा तासांत १०० ची मर्यादा घालायला सुरुवात केली, तेव्हा कोडचे एक अक्षरही न बदललेल्या अनेक पाइपलाइन लाल होऊ लागल्या. एकाच आयपी पत्त्याआडून सगळे रनर इमेज ओढत असले की ही मर्यादा बघता बघता संपते. प्लॅटफॉर्मची स्वतःची रजिस्ट्री अशा इमेज मधे साठवून ठेवू शकते का, हा प्रश्न लेखातल्या 'कंटेनर रजिस्ट्री: आहे' या एका खुणेत कुठेच बसत नाही.

आता जरा रेंगाळते, कारण कोड लिहिणाऱ्यांचा दिवस ज्यात जातो त्याबद्दल कोणीच लिहीत नाही: लाल पाइपलाइन. ती लाल झाल्यावर समोर काय येते? काही प्लॅटफॉर्मवर हजारो ओळींचा लॉग येतो, ब्राउझर धापा टाकतो, आणि खरी चूक वरून कुठेतरी दोन-तृतीयांश अंतरावर लपलेली असते. शेवटच्या ओळीत फक्त 'एक्झिट कोड १'. काहींवर नापास चाचणीचे नाव मर्ज रिक्वेस्टच्या पानावरच दिसते आणि हीच चाचणी मुख्य ब्रांचवरही (कोडच्या मुख्य धारेवरही) नापास होते आहे का, तेही कळते. मग पुढचे प्रश्न. तोच जॉब त्याच कंटेनरमध्ये माझ्या मशीनवर चालवता येतो का? अडकलेल्या जॉबमध्ये शिरून आत काय चालले आहे ते बघता येते का? नापास झालेला एकच जॉब पुन्हा चालवता येतो, की सगळी पाइपलाइन पहिल्यापासून? यामल फाइलमध्ये, म्हणजे पाइपलाइनने काय करायचे ते लिहिलेल्या फाइलमध्ये, एक स्पेस जास्त पडली, तर ते पुश करण्याआधी कोणी सांगते, की पुश केल्यावर एका ओळीचा गूढ निरोप येतो? 'फिक्स यामल', 'फिक्स यामल अगेन', 'प्लीज वर्क' अशा मेसेजांची कमिटची रांग ज्या रेपोत दिसते, तिथला प्लॅटफॉर्म या परीक्षेत नापास झाला, असे मी समजते. ट्रायलमध्ये मुद्दाम पाइपलाइन मोडून एखाद्या नव्या माणसाला दुरुस्त करायला द्यावी आणि त्याच्या मागे गप्प उभे राहावे. सगळ्या डॅशबोर्डांच्या एकत्र वजनापेक्षा मी याला जास्त वजन देते.

डॅशबोर्डांवरून आठवले. डोरा या संशोधनगटाने चार मोजमापे प्रचलित केली: प्रॉडक्शनवर किती वेळा जाता, कमिटपासून तिथे पोचायला किती वेळ लागतो, किती बदल बिघाड करतात, आणि बिघाड झाल्यावर किती वेळात सावरता. निकोल फोर्सग्रेन या तेव्हा त्यातल्या प्रमुख संशोधक होत्या. २०१८ अखेर गूगलने डोराला आपल्यात घेतले. आता प्रत्येक प्लॅटफॉर्म हे चार आकडे तयार दाखवतो. ठीक आहे, पण नवा प्लॅटफॉर्म येण्याआधीचे आकडे कोणाकडेच नसतात. मग सुधारणा कशाच्या तुलनेत? ट्रायलच्या आधी हे आकडे कागदावर का होईना मोजून ठेवावेत. आणि ते टीमचे आकडे आहेत. एकेका माणसाची परीक्षा घ्यायला वापरायला लागलात, तर लोक आकडे सुधारतील, काम नव्हे.

सुरक्षिततेच्या रकान्यात आपल्या तक्त्यात सर्वांत जास्त खुणा होत्या. स्कॅनर चालू करणे म्हणजे एक बटण आहे, हे खरे. पहिल्याच दिवशी शेकड्यांनी इशारे येतात, त्यातले बरेच आपल्याला लागू नसतात, आणि आठवड्याभरात ते पान उघडणे सगळे सोडून देतात. म्हणून स्कॅनर किती, हे मी विचारत नाही. एखादा इशारा कारण लिहून बाजूला ठेवला, तर तो दुसऱ्या ब्रांचवर पुन्हा उगवतो का, आणि ते कारण सहा महिन्यांनी कोणाला सापडते का, एवढे बघते.

पण खरी काळजी वेगळी आहे. जो प्लॅटफॉर्म सगळे करतो, त्याच्याकडे सगळ्या किल्ल्याही असतात. प्रॉडक्शनचे पासवर्ड, क्लाउडची टोकन, साइनिंगच्या (सॉफ्टवेअरवर आपली डिजिटल सही करायच्या) चाव्या. जानेवारी २०२३ मध्ये, पाइपलाइन चालवून देणाऱ्या सर्कलसीआय या कंपनीने आपल्या सगळ्या ग्राहकांना, आमच्याकडे ठेवलेली प्रत्येक गुप्त किल्ली बदला, असे कळवले. त्यांच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर मालवेअर शिरून त्याचे चालू लॉगिन सत्रच चोरले गेले होते. दुहेरी पडताळणी असूनही उपयोग झाला नाही, कारण पडताळणी आधीच होऊन गेलेली होती. मार्च २०२५ मध्ये गिटहब अॅक्शन्सवर २३,००० हून अधिक रेपो वापरत असलेल्या 'टीजे-अॅक्शन्स'च्या एका तयार घटकात छेडछाड झाली. जुन्या आवृत्त्यांचे टॅगच, म्हणजे त्यांना दिलेली नावेच, दुष्ट कोडकडे वळवले गेले आणि पाइपलाइनच्या लॉगमध्ये गुपिते छापली जाऊ लागली. ज्यांनी तो घटक टॅगऐवजी कमिटच्या पूर्ण हॅशवर, म्हणजे न बदलणाऱ्या ओळखक्रमांकावर, आधीच बांधून ठेवला होता, ते बहुतांशी वाचले.

यावरून ट्रायलसाठी दोन कामे निघतात. सगळी गुपिते एकदम बदलायची वेळ आली आहे असे समजून तालीम करावी: त्यांची यादी एका ठिकाणी मिळते का, कोणते गुपित कोण वापरते ते दिसते का, आणि बदलताना काय काय बंद पडते? दुसरे, बाहेरचे घटक हॅशवरच बांधले पाहिजेत, अशी सक्ती सगळ्या टीमवर एका ठिकाणाहून करता येते का? क्लाउडमध्ये शिरायला कायमच्या चाव्यांऐवजी त्या जॉबपुरतेच जगणारे टोकन मिळते का, हेही बघावे. मिळत असेल, तर चोरायला फारसे काही उरतच नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर बसवले म्हणजे सुटलो, असे वाटणाऱ्यांसाठी एक उदाहरण. जानेवारी २०२४ मध्ये गिटलॅबने पासवर्ड रिसेटमधली एक त्रुटी जाहीर केली. रिसेटचा मेल भलत्याच पत्त्यावर मागवता येत होता. गंभीरतेचे गुण दहापैकी दहा. क्लाउडवरच्या ग्राहकांसाठी कंपनीने दुरुस्ती केली. ज्यांनी आपल्या सर्व्हरवर बसवले होते, त्यांना ती स्वतः बसवायची होती. मग 'सेल्फ-होस्टेड: होय' या खुणेपुढे एक नाव लिहिलेले हवे: ज्या दिवशी पॅच येईल, त्याच दिवशी तो कोण बसवणार?

आता पडझड. २१ ऑक्टोबर २०१८ ला नेटवर्कची देखभाल चालू असताना गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राचा संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात डेटाबेसचे नेतृत्व दुसऱ्या किनाऱ्यावर गेले, दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी झाल्या, आणि सगळे सुरळीत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. एप्रिल २०२२ मध्ये, जिरा बनवणाऱ्या अॅटलासियनमध्ये एक जुने अॅप काढण्यासाठी चालवलेल्या स्क्रिप्टला अॅपऐवजी ग्राहकांच्या पूर्ण साइटचे क्रमांक दिले गेले. सुमारे ७७५ ग्राहकांच्या साइट गेल्या, आणि काहींना त्या परत मिळायला १४ दिवसांपर्यंत थांबावे लागले.

आणि ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची रात्र तर आमच्या कामातल्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. डेटाबेसची दुसरी प्रत मागे पडली होती, ती नव्याने उभारताना थकलेल्या इंजिनिअरने डेटाची डिरेक्टरी पुसण्याची आज्ञा दिली. ती दुसऱ्या प्रतीवर नव्हे, मुख्य सर्व्हरवर चालली. क्षणात लक्षात आले, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअपकडे वळले, तर ते साठवायची जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता, त्यामुळे तो रोज नापास होत होता. आणि तसे सांगणारे मेल, पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही म्हणून मेल सर्व्हरच परत लावत होता. पाच पद्धतींपैकी एकही भरवशाने चालत नव्हती. शेवटी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कारणासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, हाती लागला. कंपनीने हे सगळे लोकांसमोर, यूट्यूबवर थेट दाखवत निस्तरले. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही आदर आहे, आणि म्हणूनच आज आपण यातून शिकू शकतो.

एक बारकावा मात्र निसटू देऊ नका. त्या रात्री गिटमधला कोड गेला नाही. गेल्या त्या डेटाबेसमधल्या गोष्टी: सहा तासांतल्या कामांच्या नोंदी, मर्ज रिक्वेस्ट, शेरे, नवी खाती. प्लॅटफॉर्म सोडताना नेमकी हीच विभागणी आडवी येते. गिटचा प्रत्येक क्लोन हा पूर्ण इतिहासासह असतो, तो उचलून उद्या कुठेही नेता येतो. 'कोड तुमचाच आहे' असे विक्रेता म्हणतो, ते शंभर टक्के खरे आहे. पण हा कोड असा का लिहिला, याची चर्चा रिव्ह्यूच्या शेऱ्यांमध्ये आहे. कोणाला काय दिसावे, हे परवानग्यांमध्ये आहे. बिल्ड कसा होतो, ते त्या प्लॅटफॉर्मच्याच बोलीतल्या यामलमध्ये आहे. हे सगळे बाहेर काढता येते का? आणि काढले, तर दुसरीकडे उघडते का? निर्यात केलेल्या फाइलमध्ये शेरे असतात, पण ते कोडच्या ज्या ओळीवर होते तिथून सुटून नुसते एकाखाली एक पडलेले असतात, असेही होते.

सोडायची वेळ कशाला येईल, असे कोणी विचारले, तर जुनी उदाहरणे आहेत. कोड साठवायची सेवा गूगल कोड २०१५ मध्ये बंद करत असल्याचे जाहीर झाले आणि २०१६ च्या जानेवारीत ते बंद झाले. तशीच सेवा देणाऱ्या बिटबकेटने २०२० मध्ये, गिटसारखेच काम करणाऱ्या मर्क्युरियलचे रेपो काढूनच टाकले. बंद न पडताही अटी बदलतात: गिटलॅबने ऑक्टोबर २०२० पासून मोफत मिनिटे महिन्याला २,००० वरून ४०० केली, पुढच्या जानेवारीत सर्वांत स्वस्त सशुल्क पातळी नव्या ग्राहकांसाठी बंद केली, आणि २०२३ मध्ये प्रीमियमचा दर जवळपास दीडपट केला. यात गैर काहीच नाही, धंदा आहे. पण आजच्या दराने केलेला हिशोब तीन वर्षे टिकेल असे कोणी गृहीत धरू नये. माझा स्वतःचा नियम असा की बिल्डची खरी बुद्धी साध्या शेल स्क्रिप्टमध्ये किंवा मेकफाइलमध्ये ठेवायची. यामलने फक्त त्यांना हाक मारायची. ते माझ्या मशीनवरही चालते आणि उद्याच्या प्लॅटफॉर्मवरही. विक्रेत्यांचे सल्लागार नेमके उलट शिकवतात.

याच ओघात एक तालीम जवळजवळ कोणीच करत नाही. प्लॅटफॉर्म पूर्ण बंद आहे असे समजा, आणि प्रॉडक्शनवर एक दुरुस्ती आत्ता न्यायची आहे. नेता येते का? डिप्लॉयची (कोड प्रॉडक्शनवर नेण्याची) यंत्रणा त्यातच, डिप्लॉय कसे करायचे हे सांगणारी विकी त्यातच, आज ऑन-कॉल कोण आहे ती यादीही त्यातच, आणि लॉगिनही त्यातूनच, असे असेल तर हात बांधून बसावे लागते. हाताने नेण्याची एक वाट उघडी ठेवावी, आणि ती वापरून बघावी. स्वतःच्या सर्व्हरवर बसवणार असाल, तर ट्रायलमध्येच बॅकअप घेऊन तो वेगळ्या सर्व्हरवर उभा करून दाखवा. नुसता घेतलेला बॅकअप मी मोजत नाही.

एवढे सगळे करूनही माझे मत विचाराल तर: नव्याने सुरू होणाऱ्या लहान टीमने एकत्र प्लॅटफॉर्मच घ्यावा. जोडाजोड करत बसायला त्यांच्याकडे माणूस नसतो. मोठ्या टीमकडे चालती-बोलती यंत्रणा असेल, तर एकदम सगळे हलवणे हे दुःसाहस आहे. आधी रेपो आणि पाइपलाइन न्याव्यात, त्यांचा सांधा सर्वांत जास्त गळतो. कामांचा बोर्ड सर्वांत शेवटी. तो कोड न लिहिणारी माणसेही दिवसभर वापरतात, आणि त्यांचा राग इंजिनिअरांच्या रागापेक्षा टिकाऊ असतो. आणि असा प्लॅटफॉर्म घेतला की बिल्ड-रिलीजची माणसे कमी करता येतात, हे आपल्या लेखातले वाक्य कृपया मागे घ्यावे. काम कमी होत नाही, बदलते. स्क्रिप्टऐवजी रनर, आवृत्त्यांचे अपग्रेड, परवानग्या आणि टीमनिहाय मिनिटांचे हिशोब येतात.

शेवटी, जुनी यंत्रणा बंद करण्याची तारीख. ही करारात कोणी लिहीत नाही, म्हणून ती कधीच येत नाही. नवे आणि जुने दोन्ही चालू राहते, आणि दोन्हीचे पॅच आम्हीच बसवतो. जुन्या सर्व्हरवर हमखास एक जॉब उरतो, जो रोज रात्री कुणाला तरी रिपोर्ट पाठवतो. तो कोणाला जातो आणि ते तो वाचतात का, हे ट्रायल चालू असतानाच शोधून काढा. बहुतेकदा तो पत्ता केव्हाच बंद झालेला असतो.

आपली,
एक बिल्ड-रिलीज इंजिनिअर